राजकन्येची वाटी

मी एक वाटी बोलतेय. चांदीची. सध्या आयर्लंडमधल्या गॉलवेच्या एका स्वयंपाकघरात, ओट्यावरच्या कपाटात, अगदी मागच्या फळीवर मुक्काम आहे. इथले लोक कपाटाला 'प्रेस' म्हणतात, आणि आमच्या घरचेही आता तसंच म्हणतात. जरा जवळ या, मला मोठ्यानं बोलायला लावू नका. शेजारी कुकरची शिट्टी पडलेली असते. तिला एक गोष्ट कळली की गावभर झाली म्हणून समजा.

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. पण त्यात माझा काय दोष? जन्मल्याबरोबर पहिला संशय माझ्यावरच घेतला गेला. नागपूरच्या इतवारीत, सराफाच्या पेढीवर, उपेंद्रमामानं मला उचललं, टिचकी मारली, कानाशी धरलं आणि विचारलं, चांदी खरी आहे ना? सराफानं हसून मान डोलावली. तेव्हापासून हसून मान डोलावणाऱ्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही.

उपेंद्रमामा म्हणजे आमच्या घरच्या मुलीचा, अश्लेषाचा मामा. साल होतं १९९७. अश्लेषाचं उष्टावण होतं, आणि बाळाला पहिली खीर भरवायला मामाला चांदीचीच वाटी हवी होती. मामाच्या मांडीवर बसलेल्या त्या बाळानं खीर तोंडात घेतली, थोडा विचार केला आणि निम्मी परत माझ्यात सोडली. सगळे हसले. मी मनात म्हटलं, ही पोरगी आपल्याच वळणाची आहे.

दोन वर्षांनी ते सगळे आयर्लंडला आले. बाबा, म्हणजे शिरीष, डॉक्टर. त्याला कासलबारला हॉस्पिटलात नोकरी लागली. आई, म्हणजे चित्रा, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये होती. इथं येऊन घरी बसली. मला तिनं पर्समध्ये घालून आणलं, कारण सामानातून चांदी चोरीला जाते असं तिच्या आईनं बजावलं होतं. विमानतळावरच्या माणसानं मला उलटीपालटी करून पाहिलं, आत डोकावून पाहिलं. म्हणजे पुन्हा संशय माझ्यावरच. त्यानंतर कासलबारच्या भाड्याच्या घरात मी प्रेसच्या मागच्या फळीवर गेले ती गेलेच. दिवाळीला लक्ष्मीपूजनापुरती बाहेर, बत्तासे भरून घ्यायचे, की पुन्हा आत. काळीठिक्कर पडले होते मी.

मला बाहेर काढलं ते एका राणीनं.

झालं असं की २००५ साली अश्लेषा तिसरीत असताना तिच्या शाळेत नाटक ठरलं. कासलबार ज्या मेयो परगण्यात आहे, तो ग्रॅन्युएलचा मुलुख. चारशे वर्षांपूर्वी इथल्या समुद्रावर हुकूम चालवणारी ही बाई. इंग्रजांनी तिच्या मुलाला धरलं, तेव्हा ती जहाजात बसून थेट इंग्लंडला गेली आणि एलिझाबेथ राणीसमोर उभी राहिली. नाटक त्या भेटीचं होतं. वर्गातल्या एकूणएक मुलीला ग्रॅन्युएल व्हायचं होतं. राणी व्हायला कोणी तयार होईना, कारण राणी इंग्लंडची, म्हणजे आयर्लंडवर राज्य करणाऱ्यांची. ते काम अश्लेषाला मिळालं.

चित्राला ते खटकलं. नेमकी आपलीच पोर का, असं तिनं दोनतीनदा विचारलं. शिरीष म्हणाला, अगं ग्रँड आहे, राणी ती राणी. मी चित्राच्या बाजूनं होते. कुठंतरी पाणी मुरत होतं.

शाळेतल्या मिस गॅलाहरनं अश्लेषाला सांगितलं होतं की ही राणी आधी राजकन्या होती. तिचा दिवस कसा जायचा ते नीट वाच, म्हणजे सिंहासनावर कसं बसायचं ते आपोआप येईल. मग काय, पोरगी रोज स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मोठ्यानं वाचायची, आणि मी आत कान टवकारून ऐकायची. ती वाचायची, बोलायची इंग्रजीत. मराठी तिला सगळी कळायची, पण उत्तर इंग्रजीत, तेही मेयोच्या हेलात. मी आपली तुम्हाला मराठीत सांगतेय.

तर ही राजकन्या सकाळी उठली की आधी प्रार्थना, मग अभ्यास. लॅटिनचं ग्रीकमध्ये करायचं, ग्रीकचं लॅटिनमध्ये. मग भरतकाम, वाद्य, नाच. ऐकायला छान वाटतं. पण आई लहानपणीच गेलेली, तीही बापाच्याच हुकमानं. राजकन्या ही पदवीसुद्धा तिच्याकडून काढून घेतली. आज या वाड्यात, उद्या त्या वाड्यात. कुठं जायचं हे तिला विचारायची पद्धतच नव्हती. पुढं थोरली बहीण गादीवर आली आणि तिला धाकटीचा संशय यायला लागला. आधी तुरुंगात टाकलं, मग लांब एका पडक्या घरात नजरकैदेत. बागेत फिरायचं तर पहारेकरी बरोबर. कागद आणि शाई हवी तर परवानगी. आणि राणी झाल्यावरसुद्धा तिचं जेवण कधी सरळ आलं नाही. ज्या शिपायानं जे ताट आणलं, त्यातला घास त्याला आधी स्वतः खाऊन दाखवावा लागे, विष नाही ना म्हणून.

हे ऐकून मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू. चारशे वर्षांपूर्वी का होईना, जगात एक तरी शहाणं माणूस होतं.

पूर्वीचे लोक म्हणायचे, विषानं चांदी काळी पडते. अश्लेषानं हेही कुठंतरी वाचलं आणि मला शोधून काढलं. मी तर आधीच काळी! चित्रानं टूथपेस्ट लावून घासघासून मला उजळवलं. खरं सांगायचं तर विषाचं मला काही कळत नाही, मी काळी पडते ती अंड्यानं. पण ते कशाला बोला. त्या दिवसापासून अश्लेषाचं वरण माझ्यात वाढलं जायला लागलं, आणि प्रत्येक जेवणाआधी राणीचा हुकूम सुटायचा: "यू फर्स्ट."

शिरीष चमचाभर वरण चाखायचा, गळा धरायचा आणि खुर्चीवरून खाली कोसळायचा. पोरगी खिदळायची. खेळ होता तो. एप्रिलमध्ये आजी येईपर्यंत.

आजी म्हणजे चित्राची आई, नागपूरची. ती तीन महिन्यांसाठी आली होती. तिनं पहिल्याच दिवशी गोडाचा शिरा केला, देवाला दाखवला आणि माझ्यात घालून नातीपुढं ठेवला. नातीनं वाटी तिच्याकडं सरकवली. यू फर्स्ट. चित्रानं अर्थ समजावून सांगितल्यावर आजीनं कपाळाला हात लावला.

"मी नाही चाखत बाप्पा," ती म्हणाली. "आधी देवाले, मग लेकराले. आपलं उष्टं कोणी लेकराले देते का?"

आजीनं जन्मात कधी स्वयंपाक करताना चव घेतलेली नाही. मीठ ती वासावरून ओळखते. आणि राणी तर दुसऱ्यानं उष्टं केल्याशिवाय घासाला हात लावायची नाही. दोघींचं काही जमेना. रोज तेच. शेवटी शिरीष मध्ये पडून चाखायचा, आणि आजी मान फिरवून बसायची.

आजी आली तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. तीन महिने राहायला आलेली बाई आल्या आल्या नातीच्या बुटाचं माप कशाला विचारते? तिला अ आ इ ई येतं का, हे कशाला तपासते? मग एका दुपारी अश्लेषा शाळेत असताना तिघं स्वयंपाकघरात बसली आणि मला सगळं कळलं.

शिरीषची कासलबारची नोकरी जुलैत संपत होती. तरुण डॉक्टरांना इथं सारखं हॉस्पिटल बदलावं लागतं; एका जागी सहा वर्षं निघाली हेच नशीब. पुढची जागा वर डोनेगलला होती. चित्राला इतक्या वर्षांनी नोकरी मिळत होती, पण ती डब्लिनला, चेरीवूडमध्ये. एक एका टोकाला, दुसरी दुसऱ्या. पोरीला कोण बघणार? म्हणून ठरलं होतं की अश्लेषा आजीबरोबर नागपूरला जाईल. दोन वर्षांसाठी. तिकडच्या शाळेत नावही घातलं होतं.

"तिला आत्ता सांगायचं नाही," चित्रा म्हणाली. "दीड महिन्याची सुट्टी आहे म्हणू. तिकडं रमली की मग सांगू."

आजी उठून चहाचे कप विसळायला लागली. मी आतल्या आत धुसफुसत होते. बघा, मी म्हणत नव्हते? ही पोर न्यायलाच आलीय.

त्यानंतर घरात गोडाधोडाचं इतकं व्हायला लागलं की कोणालाही संशय यावा. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला हो. शिरीष तर लेकीकडं सरळ बघायचंच टाळायला लागला. अश्लेषा दारांशी घुटमळायला लागली. एकदा नवे कपडे आले. तिनं एक फ्रॉक अंगाला लावून पाहिला. तो पार घोट्यापर्यंत. दीड महिन्यात मी एवढी वाढणार आहे का, असं तिनं विचारलं. सेल होता गं, चित्रा म्हणाली. त्या रात्री वरण शिरीषनं चाखलं तरी पोरगी जेवली नाही. आता तो खेळ राहिला नव्हता.

जूनच्या अखेरीस नाटक झालं. राणीच्या जेवणाच्या प्रसंगाला मीही होते रंगमंचावर, चांगली लखलखीत. पुढं ग्रॅन्युएल आली. लाल केसांची दांडगी मुलगी, अनवाणी. ती राणीसमोर वाकली नाही. तावातावानं काहीतरी मागत राहिली. पहिल्याच रांगेत आजी बसली होती, मला तिथून स्पष्ट दिसत होती. तिला इंग्रजी येत नाही. तिनं चित्राला विचारलं, ती बाई काय मागून राहिली?

"तिचा मुलगा धरून नेलाय. तो परत मागतेय."

आजीनं पदर तोंडाशी धरला आणि नाटक संपेपर्यंत तो काढला नाही. राणीनं मुलाला सोडायचा हुकूम दिला, टाळ्या पडल्या. मग मिस गॅलाहरनं अश्लेषाला जवळ घेतलं ते सोडेचना, आणि तुझी फार आठवण येईल गं, असं म्हणाली. चित्रा चटकन मध्ये शिरली आणि काहीतरी दुसरंच बोलायला लागली. अश्लेषानं मला छातीशी धरलं होतं. तिची बोटं गार पडलेली मला जाणवली.

जायचा दिवस उजाडला. बॅगा दाराशी लागल्या. आजीची एक, अश्लेषाच्या दोन. आजीनं मला धुऊन पुसून घेतलं, माझ्यात दही घातलं, वर साखर घातली. घरातून कोणी लांब निघालं की आपल्याकडं दही देतात, म्हणजे माणूस सुखरूप जाऊन परत येतो. तिनं वाटी अश्लेषापुढं ठेवली.

अश्लेषा दह्याकडं बघत राहिली. मग तिनं बाबाला विचारलं, चौथीत मी माझ्याच शाळेत असणार ना?

शिरीषनं हसून मान डोलावली.

इतवारीतला सराफ आठवला मला. अंगात आवाज असता तर मी ओरडलेच असते.

अश्लेषानं मला दोन्ही हातांनी उचललं आणि आजीसमोर ठेवलं. यू फर्स्ट म्हणाली नाही ती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या तोंडून घरातली मराठी निघाली, तीही हळूच.

"आधी तू खा, आजी."

मला वाटलं, आजी आता मान फिरवणार. आजीनं चमचा उचलला. एक घास खाल्ला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती दुसरा घास घेत होती, तिसरा घेत होती. लेकराला उष्टं द्यायचं नाही म्हणजे नाही. तिनं दही संपवलं, साखरही बोटानं पुसून खाल्ली आणि मला रिकामं टेबलावर ठेवलं.

"एकटी मीच जाऊन राहिली," ती म्हणाली. "म्हणून दही माझंच."

आई, तिकिटं झालीत, सगळं ठरलंय, शिरीष म्हणाला.

"शिरीषराव, खरं सांगून दिली असती तर नेली असती मी. डोळ्यात धूळ फेकून नाही नेत. ती बाई समुद्र ओलांडून आपलं लेकरू सोडवायले गेली, अन् मी दुसऱ्याचं उचलून नेऊ?"

चित्रा तिथंच बॅगेवर बसली आणि हुंदके द्यायला लागली. मग तिनं लेकीला जवळ ओढलं आणि दोन वर्षांचं, नागपूरच्या शाळेचं, सगळं खरं सांगून टाकलं. अश्लेषा म्हणाली, मला माहीत होतं. आजी त्या दिवशी एकटीच गेली. दोन बॅगा दाराशी तशाच राहिल्या.

आता २००७ चाललंय. चेरीवूडची नोकरी चित्रानं सोडली, ती हळहळ तिच्या मनात अजून आहे. मग गॉलवेला, वैद्यकीय उपकरणं करणाऱ्या एका कंपनीत तिला काम मिळालं, म्हणून आम्ही इथं. शिरीष अजून हॉस्पिटलं बदलतोय; सोमवारी पहाटे जातो, शुक्रवारी परत येतो. आजीचा दर रविवारी फोन येतो आणि ती माझी चौकशी करते. आजीबद्दल मला आता फारसा संशय नाही. अगदीच नाही असं नाही, पण फारसा नाही.

सोमवारी अश्लेषा मला बाहेर काढते. दहा वर्षांची झाली आहे. बाबाच्या हातावर दही ठेवते आणि मराठीत विचारते, कधी येणार? हसायचं नाही, मान डोलवायची नाही, तोंडानं सांगायचं, असा तिचा नियम आहे. तो शुक्रवार म्हणतो. मग ती मला धुऊन फळीवर ठेवते.

तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी वाटी असेल. माझं एवढंच मागणं आहे. पोराच्या पुढ्यात दही ठेवण्याआधी त्याला सांगा, कुठं निघालाय आणि परत कधी येणार. त्यांना सगळं कळत असतं हो, फक्त तुमच्या तोंडून ऐकायचं असतं.

बरं, आता दार लावून घ्या. आज गुरुवार आहे. उद्या संध्याकाळी बाहेर किल्ली वाजली की मग मी झोपेन.