चौदा दिवसांचं सोयर

आमच्या चाफ्याच्या पाड्याला जायला धसईहून जीप मिळते, ती शाळेच्या कुंपणापाशी थांबते. शाळेत दोन खोल्या, समोर हातपंप. त्या शाळेत मी बत्तीस वर्षं शिकवलं आणि निवृत्त झाल्यावरही पाड्यातच राहिलो. सांगतो ती गोष्ट दुसऱ्या लाटेतली, दोन हजार एकवीस सालच्या एप्रिलमधली.

रविवारी पाड्यातल्या दिपालीचा साखरपुडा झाला. परवानगी पंचवीस माणसांची होती आणि माणसं पंचवीसच होती, कारण मोजायला मी बसलो होतो. दिपालीचा चुलतभाऊ सुदाम वाशिंदच्या एका कारखान्यात कामाला; तिथेच खोली करून राहतो. साखरपुड्यासाठी तो आदल्या दिवशी घरी आला. सोमवारी दुपारी त्याला फोन आला. खोलीतला जोडीदार आजारी पडला म्हणून सगळ्यांची तपासणी झाली होती, आणि सुदामचा रिपोर्ट पॉझिटिव्ह होता.

सुदाम घरात गेला नाही. अंगणातूनच त्याने बायकोला, सावळीला, हाक मारली आणि चादर बाहेर टाकायला सांगितली. सावळीचा नववा महिना सरत आलेला. ती दाराशी आली तसा हा मागे सरकला. चादर उचलून तो थेट शाळेत येऊन बसला आणि दर्शनाला फोन केला. दर्शना आमची आशाताई. माझ्याच हाताखाली चौथीपर्यंत शिकलेली.

संध्याकाळी तिने माझ्या दारात येऊन सांगितलं, "गुरुजी, उद्या दहाला आरोग्य केंद्राची माणसं येणार. साखरपुड्याला होते त्या सगळ्यांची तपासणी करायची. पण लोक म्हणतात, नाकात काडी घालून पकडून नेतात. सगळे उद्या पहाटेच मोहं वेचायला रानात जाणार आहेत. तुमी बोला त्यांच्याशी. सावळीचे दिस भरलेत. तिच्यापर्यंत गेलं तर मी काय करू?"

मी बोललो. माणसं चिंचेखाली लांब लांब बसली होती. आजार कसा पसरतो ते मी समजावलं, तपासणी का करायची ते सांगितलं. विलगीकरण या शब्दावर गाडी अडली. लहान मुलांना शिकवताना अवघड शब्द आला की आपण घरचा शब्द शोधतो, तीच माझी जुनी सवय. मी म्हणालो, "सोपं आहे. चौदा दिवस सुतक पाळायचं, असं समजा."

मग महिपत उठला. महिपत माझ्याच वयाचा, जिभेने तिखट.

"गुरजी, सुदाम जित्ता हाय. सुतक कोनाचं धरू?"

"तसं नाही रे महिपत, मी फक्त—"

"समोर त्याची आय बसलीय. पोटुशी बायको घरात हाय. आन् तुमी त्या घराचं सुतक काढता? तुमाला आमचं काय सोयरसुतक हाय का नाय?"

सुदामची आई बाईजा तिथेच बसली होती. ती पदर सावरून उठली आणि निघून गेली. तिच्यामागे एकेक करून सगळे गेले. मी आणि दर्शना तेवढे उरलो. दर्शना म्हणाली, "जाऊ द्या गुरुजी." पण ती रडवेली झाली होती.

मंगळवारी उजाडताना माझ्या अंगणात पावलं वाजली. बाईजाबाय. गेल्या चाळीस वर्षांतली पाड्यातली पोरं तिच्याच हातावर जन्मलेली. ती सुईण. मुरबाडच्या दवाखान्यात बाळंतपणं व्हायला लागली तेव्हापासून तीच बायकांना जीपमध्ये बसवून द्यायची, पण जीपला उशीर झाला की तिचेच हात उपयोगी पडायचे. ती दहा पावलांवर उभी राहिली. तोंडाला पदर बांधलेला.

"गुरजी, बत्तीस वरसं पोरांना शबुद शिकवले, आन् येवढा शबुद चुकला."

"चुकला, बाईजाबाय. माफ करा."

"माफी ठेवा. सुतक मेल्याचं असतं. त्यात मानूस घरात बसतो तो रडायला. सोयर कसं असतं? बाळंतीण येगळ्या खोलीत, तिचं ताट येगळं, पानी येगळं. सुईणीबिगर कोन आत जात नाय. तिला कोन वाईट म्हनतं का?"

"नाही."

"उलट सारा पाडा तिची काळजी घेतो. बारा दिस झाले का आंघोळ करून ती बाहेर येते. मंग तुमचं ते इलगी का काय, ते सोयर हाय. सुतक नाय."

इतका जवळचा शब्द. सोयर आणि सुतक आपण एका दमात म्हणतो, आणि मी त्यातला नेमका चुकीचा अर्धा उचलला होता.

"हे तुम्हीच सांगा सगळ्यांना," मी म्हणालो.

"सांगायलाच निघालेय. टोपल्या घेऊन घराबाहेर पडायच्या आत गाठते एकेकाला."

ती दारोदार गेली, प्रत्येक अंगणात लांब उभी राहून बोलली. मी आणि दर्शना तिच्या मागे होतो. महिपतच्या दारात सगळ्यात जास्त वेळ लागला.

"म्हंजी आमी बाप्यांनी बाळंत व्हायचं?" महिपत.

"व्हायला काय झालं? एकदा बसून बघ. आमी बसतो तवा तुमी खोलीबाहेरून नुसतं 'काय झालं' इचारता."

"बरं, पन सोयर बारा दिसांचं. डाक्टर चवदा म्हनतो. वरचे दोन कशाला?"

"जुळं झालं असं धर."

महिपतची बायको आतून हसली. मग महिपतही हसला आणि हातातली टोपली त्याने खाली ठेवली.

दहाला गाडी आली तेव्हा चोवीसच्या चोवीस माणसं शाळेच्या आवारात होती. एकही रानात गेला नव्हता. सहा-सहा फुटांवर उभं राहायला मी चुन्याने गोल आखून दिले होते. प्रार्थनेला मुलं उभी राहतात तशी माणसं उभी राहिली. काडी घेऊन आलेल्या पोराला घाम फुटला होता. तो म्हणाला, खालच्या गावात लोकांनी आम्हाला परत पाठवलं. पहिली बाईजाबाय बसली. काडी नाकात गेली तसं तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ती हलली नाही. उठल्यावर रांगेकडे बघून म्हणाली, "नथ टोचताना याच्याहून दुखतं. या रं."

पंधरा मिनिटांत निकाल कळले. चौघे पॉझिटिव्ह: दिपाली, महिपत, मी आणि बाईजाबाय. सावळीही दर्शनाच्या आग्रहाने तपासून घ्यायला आली होती. तिचा निगेटिव्ह आला.

बाईजाबायला त्रास काहीच नव्हता. ताप नाही, खोकला नाही. ती त्या पोराला म्हणाली, "मला कायबी होत नाय. माझी सून आज-उद्या बाळंत व्हनार." तो म्हणाला, "आजी, तुम्हाला होत नाही, पण तुमच्यापासून तिला होईल." तिने घराकडे न जाता, जिथे उभी होती तिथूनच सुनेला सांगितलं, "माझं लुगडं आन् ताटली तुझ्या हर्षालीजवळ धाड. कुंपणाशी ठेव म्हनावं."

असे आम्ही पाच जण शाळेत राहिलो. एका खोलीत बाईजाबाय आणि दिपाली, दुसऱ्या खोलीत मी, महिपत आणि सुदाम. बाकीचे वीस आपापल्या घरी बसले. त्यांच्या दारांना लोकांनी कडुलिंबाचे डहाळे लावले, बाळंतिणीच्या दाराला लावतात तसे. पाणी, तांदूळ, सरपण उंबऱ्याबाहेर येऊन पडायचं. दर्शना रोज दोन वेळा बोटाला ते यंत्र लावून ऑक्सिजन बघत दारोदार फिरायची. बायका तिला म्हणायच्या, "काय गो सुईणबाय, पंचवीस बाळंतपनं एकटी करतेस?" मोहाचा हंगाम ऐन भरात होता. शेजारच्या घरांनी या वीस जणांच्या घरांची झाडंही वेचली आणि फुलं ज्याच्या त्याच्या अंगणात वाळत घातली.

मला दोन दिवस ताप आला आणि उतरला. सुदामची आठ वर्षांची मुलगी हर्षाली सकाळी डबे ठेवायला यायची. मी खिडकीतून, ती कुंपणापलीकडून, असे आमचे पाढे चालायचे. शाळा वर्षभर बंद होती. पंधरापर्यंत तिने तिथेच पाठ केले.

आठव्या दिवशी सकाळी ती धावत आली. हातात डबा नव्हता.

"आजे, आयेला कळा येतात."

बाईजाबाय पायरीवर बसली होती, ती ताडकन उठली. मागून दर्शना आली. "गाडीला फोन केलाय आजी. यायला पाऊण तास लागल. तिथनं पुढं मुरबाड." "वाटेत काही झालं तर?"

सुदाम खोलीतून बाहेर आला. "आये, तू जा. तुला तर काही होत नाही."

महिपत म्हणाला, "जा बाय. आमी तोंड फिरवतो. पाड्यात तुला कोन बोलनार हाय?"

खरंच कुणी बोललं नसतं. मीही बोललो नसतो. कुंपणाच्या पलीकडे आणखी चार बायका येऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत तेच होतं, की बाईजाबाय ये. तिने फाटकाच्या कडीवर हात ठेवला. मुलाचं पहिलं मूल, ही हर्षाली, तिच्याच हातावर आली होती.

तिचा हात कडीवरून निघाला.

"हर्षाली, एक कळ सरली का दुसरी येईस्तवर किती वेळ जातो?"

"लय वेळ जातो."

"लय म्हंजी किती? तुला पाढे येतात ना? घरी जा. कळ सरली का दोनपासून सुरू कर. दुसरी आली का थांब. पळ."

हर्षाली गेली. आम्ही पाचही जण फाटकाशी तसेच उभे राहिलो. थोड्या वेळाने ती परत आली. "दोनपासून पंधरापर्यंत, आजे. पंधरा दाही दीडशे म्हनताना आली."

बाईजाबाय माझ्याकडे वळली. "गुरजी, येवढ्याला किती मिनिटं?"

पोरं पाढा म्हणतात तेव्हा किती वेळ लागतो हे मला घड्याळाशिवाय कळतं. "एकाला अर्धा मिनिट. चौदा पाढे, सात मिनिटं."

तिने मनाशी काहीतरी जुळवलं. "सात. मंग टाइम हाय. पानमोट फुटली का गो दर्शना?"

"नाय."

"मंग मुरबाडला पोचल. आयक. तिला डाव्या कुशीवर झोपव. कोमट पानी घोटघोट दे. चालत असल तर चालव, पन एकटी सोडू नको. गाडीत तू तिच्या मागं बस, पाठ दाब. जोर करू नको म्हनावं, मी सांगितलंय म्हनावं. आन् तोंडावरचं ते खाली घेऊ नको, तिचंबी नको."

"आजी, तुमी आला असता तर..."

"दर्शना, मीच बाहेर पाऊल टाकलं तर बाकीचे वीस जन उद्या कोनाचं आयकतील? जा."

दर्शना गेली. गाडी पाऊण तासाच्या आतच आली. शाळेवरून जाताना ती थांबली नाही आणि बाईजाबायने हात केला नाही. ती हातपंपाशी गेली. साबण घेतला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले, नखं नखांनी घासून, प्रत्येक बाळंतपणाआधी धुवायची तसे. मग ओले हात पदराला पुसून पायरीवर येऊन बसली. दुपारी तिने भाकर घेतली नाही.

अडीचला सुदामचा फोन वाजला. मुलगी. पावणेतीन किलो. दोघी बऱ्या. सुदामने तीनदा विचारून घेतलं आणि मग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बाईजाबायने एकच प्रश्न विचारला: "रडली का लगेच?" लगेच रडली, असं दर्शनाने सांगितल्यावर तिने भाकर मागितली.

आमच्या पाड्यात त्या लाटेत पाच जणांना आजार झाला. सहावा झाला नाही. वीस जणांची नंतर पुन्हा तपासणी झाली, सगळे निगेटिव्ह. मी आयुष्यभर शिकवत आलो. पण सगळा पाडा एकदम एखादी गोष्ट शिकताना मी तेव्हाच पाहिला, आणि शिकवणारी दुसरी होती.

अकराव्या दिवशी सावळी परत आली. जीप कुंपणापासून लांब थांबली. सावळीने खिडकीतून दुपट्यातलं बाळ वर उचललं. बाईजाबाय फाटकाच्या आत, आम्ही तिच्या मागे.

"आत्याबाय, नाक तुमच्यावर गेलंय."

"हितून नाक कुठलं दिसतं मला? मूठ तेवढी दिसते." ती डोळ्यांवर हात धरून बघत होती. "दूध वढते?"

"वढते."

"बेंबी कोरडी ठेव. तेल मी आल्यावर लावीन, तोवर कोनाला लावू देऊ नको. जा आता, ऊन लागतं तिला."

जीप हलली. सुदाम फाटकाला टेकून वाकून वाकून बघत राहिला. त्याचे दोन दिवस उरले होते, तिचे तीन.

"तू माझ्या आधी घेशील तिला," बाईजाबाय त्याला म्हणाली. "मानंखाली हात घालून घे. हर्षालीला घेतलं होतंस तसं नको, पोतं धरल्यासारखं."

"मी थांबतो आये. तुझा एक दिस होईपर्यंत."

"कशाला? तुझे भरले का तू सुट. नेम म्हंजी नेम, कमीबी नाय आन् जास्तबी नाय."

महिपत म्हणाला, "मला बी दे बाय घरी जाऊ. बाळंतपनानं पार कंबर गेली माझी."

"तुझे तीन हायत," बाईजाबाय म्हणाली, आणि जीप वळणाआड जाईपर्यंत तिथेच उभी राहिली.