धारोष्ण

लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा बारकीला शेळ्यांची भीती वाटायची. अंगाने लहानखुरी म्हणून माहेरी सगळे तिला बारकी म्हणत. सासरीही तेच नाव चिकटलं. पहिल्याच सकाळी ती गोठ्यात डोकावली, तर बोडकी नावाच्या बिनशिंगी शेळीने तिच्या स्वेटरची बाही तोंडात धरली आणि निवांत चघळायला सुरुवात केली. बारकी किंचाळली. सासूबाई धार काढत होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"तिला तू आवडलीस," त्या म्हणाल्या. "मला पसंत करायला तिने दोन वर्षं घेतली."

घर वस्तीच्या टोकाला होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे पत्र्याचा गोठा, त्याला टेकून जाळीचं खुराडं आणि तारेच्या कुंपणापर्यंत मोकळी जागा. नवरा गेल्यावर सासूबाईंनी एका शेळीवर हे सगळं उभं केलं होतं. मुलगा एका दुकानाची व्हॅन चालवायचा. येता-जाता घरची अंडी पोचवायचा, पेंडीचं पोतं आणायचा. बाकी सगळं त्या बघायच्या, आणि हळूहळू त्या आणि बारकी बघायला लागल्या.

दोघींचं जमलं. असं जमलं की मुलगा म्हणायचा, "या घरात माझं काम फक्त पोती उचलायचं." सासूबाईंनी तिला उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीखाली अंडी कशी सरकवायची ते शिकवलं, कास कशी पुसायची, अडलेलं करडू हात घालून कसं वळवायचं तेही शिकवलं. बारकीचे हात लहान. "देवाने तुला याच कामासाठी घडवलंय," सासूबाई म्हणायच्या. शेळी व्यायला झाली की रात्र असो, पहाट असो, हाक बारकीलाच.

पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा सासूबाई बाजारात जाऊन एक नवी शेळी घेऊन आल्या. उंच, तांबूस, लांब कानांची. घरच्या शेळ्यांचं दूध आटत चाललं होतं, आणि सुनेच्या अंगात तर काही नाही, असं त्यांचं म्हणणं.

"दूध पाहिजे पोरीला," त्या मुलाला म्हणाल्या. "आणि तापवून त्याचं पाणी करायचं नाही. धारोष्ण. मी तुझ्या वेळी तेच प्यायले. बघ केवढा बैल झालास."

तेव्हापासून रोज सकाळी त्या सडाखालचा फेसाळ पेला थेट बारकीच्या हातात आणून द्यायच्या आणि ती शेवटचा घोट घेईपर्यंत समोर उभ्या राहायच्या. त्यांना स्वतःला आता कच्च्या दुधाचा वास सहन व्हायचा नाही. त्या आपला उकळलेला चहा प्यायच्या. बारकी नाक मुरडायची, पण प्यायची. पेला परत घेताना सासूबाई पदराने तिच्या ओठावरचा फेस पुसायच्या, जसा लहान मुलाचा पुसतात.

पाचव्या महिन्यात ते मूल गेलं.

दवाखान्यातली डॉक्टर म्हणाली, असं होतं कधीकधी, तुम्ही तरुण आहात. सासूबाईंनी तिला महिनाभर गोठ्यात पाऊल टाकू दिलं नाही. स्वतः तिचे केस विंचरले, तिच्या उशाशी बसून राहिल्या. "माझंही एक गेलं होतं," असं पहिल्यांदाच सांगितलं. "हा झाला त्याच्याआधी."

दुसरं गेलं तेव्हा तपासण्या झाल्या. सगळ्या चांगल्या आल्या. बाकी सगळं विचारलं, शेळ्यांबद्दल कोणी विचारलं नाही. विचारायचं कुणाला सुचणार? त्याच सुमारास गोठ्यातल्या दोन शेळ्या गाभडल्या. एकीला कुत्र्याने पळवलं होतं, दुसरीने काहीतरी विषारी पाला खाल्ला असेल, असं घरात ठरलं. पुढच्या खेपेला दोघी नीट व्यायल्या, त्यामुळे तो विषय तिथेच राहिला. दर वेळी ते अर्धवट पिलू आणि त्यामागून पडलेली जार उचलून नेण्याचं काम बारकीने केलं, उघड्या हातांनी, आणि नंतर शेळीच्या मानेला मिठी मारून बसली. "हिला काय होतंय ते मला कळतं," ती नवऱ्याला म्हणाली. त्याने तिला हाताला धरून उठवलं.

तिसऱ्या वेळी सातवा महिना लागला होता. सासूबाईंनी दुधाचे पेले सकाळ-संध्याकाळ केले होते. मुलगी झाली. थोडा वेळ जगली. बारकीच्या हातात दिली तेव्हा तिचे डोळे मिटलेलेच होते, आणि मुठी इतक्या घट्ट की जणू काहीतरी धरून आणलंय.

त्यानंतर बारकीने हट्टाने स्वतःला गोठ्यात गाडून घेतलं. आई मेलेलं एक करडू स्वयंपाकघरात चुलीजवळ खोक्यात ठेवून बाटलीने वाढवलं. ते तिच्यामागे घरभर टकटक करत फिरायचं. नवरा त्याला "साहेब" म्हणायचा, कारण ते कुणालाही न विचारता कुठल्याही खोलीत शिरायचं. त्या दिवसांत घरात जे काही हसू उरलं होतं ते त्या साहेबामुळे.

मग कोंबड्यांना मानमोडी रोगाची लस टोचायला जनावरांची डॉक्टरीणबाई आली. तरुण होती, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. ती कोंबड्या टोचत असतानाच बारकी गोठ्यातून टोपली घेऊन बाहेर आली. टोपलीत गाभडलेल्या शेळीचं पिलू होतं.

"हातमोजे कुठे आहेत तुमचे?" डॉक्टरीणबाई म्हणाली.

"कसले हातमोजे?"

डॉक्टरीणबाईने हातातली कोंबडी खाली सोडली. "याआधी किती गाभडल्या?"

बारकीने सांगितलं. मग डॉक्टरीणबाईने विचारलं, घरात कुणाला ताप येऊन जातो का? नवरा तिथेच उभा होता. "मला येतो," तो म्हणाला. "संध्याकाळी चढतो, घाम फुटतो, पाठ धरते. आणि सकाळी नेमका कामावर जायच्या वेळेला उतरतो. सुट्टी मिळेल असा ताप पण नशिबात नाही."

ती हसली नाही. बारकीकडे वळली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मुलं आहेत तुम्हाला?"

"नाहीत," बारकी म्हणाली. "राहिली नाहीत. तिन्ही."

डॉक्टरीणबाईने शेळ्यांचं रक्त घेतलं, आणि नवरा-बायकोला त्याच दिवशी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. निकाल आले तेव्हा सांगायला ती स्वतः आली. स्वयंपाकघरात बसली, बूट बाहेर काढून. दवाखान्यातून त्यांना कळलं होतंच, की रक्तात काहीतरी सापडलंय आणि बरेच दिवस औषध घ्यावं लागेल. कुठून आलं ते तिने सांगितलं.

"शेळ्यांचा रोग आहे. शेळी गाभडते, कधी एकदाच, नंतर बरी दिसते, पण आत राहतो. पिलाच्या पाण्यातून, जारेतून, दुधातून माणसाला होतो. बाईला दिवस गेलेले असले तर..." ती थांबली. "तुमच्या बाबतीत नक्की हेच झालं असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. पण तसं दिसतंय."

"म्हणजे शेळ्यांचं आणि माझं एकच होतं?" बारकीने विचारलं.

"हो."

सासूबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या.

"दूध तापवलं असतं तर?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरीणबाईने नवऱ्याकडे पाहिलं, मग बारकीकडे. खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं असेल. "उकळलेल्या दुधातून नाही होत, आजी," ती म्हणाली.

सासूबाईंनी मान हलवली, जशी दुकानात भाव ऐकून हलवतात. मग त्या वळल्या आणि आधीच घासलेली भांडी पुन्हा घासायला लागल्या.

गोठा रिकामा करावा लागणार होता. सरकारी ट्रक सकाळी दहाच्या सुमाराला आला. बारकीने साहेबासाठी विचारून पाहिलं, त्याच्याही रक्तात निघालं होतं. बोडकीसाठी विचारलं, "म्हातारी आहे हो, दूध पण देत नाही." डॉक्टरीणबाईचे डोळे भरून आले, पण तिने नाही म्हणून मान हलवली.

बाकीच्या शेळ्या माणसांनी ओढत नेल्या. बोडकीला बारकीने स्वतः नेलं, दाव्याशिवाय, नुसता मानेवर हात ठेवून. फळीवरून वर चढताना तिचे मागचे पाय घसरले तेव्हा बारकीने खांदा लावून तिला वर ढकललं. साहेब आपणहून उडी मारून चढला. त्याला वाटलं असेल, कुठेतरी फिरायला निघालोत. ट्रक गेला आणि खुराड्यातल्या कोंबड्यांचा आवाज एकदम फार मोठा वाटायला लागला.

सासूबाई त्या वेळी घरात होत्या. खिडकी लावून घेतलेली.

आपण काय विचार करतोय ते बारकीला स्वतःलाच ऐकायचं नव्हतं. तिला ठाऊक होतं, म्हातारीने जे केलं ते मायेने केलं. पण पहाटे जाग आली की तो पेला डोळ्यांसमोर यायचा, आणि तो धरलेला हात. एका संध्याकाळी सासूबाईंनी तिच्यासमोर चहा ठेवला. बारकी उठली, दुसरं पातेलं घेतलं आणि स्वतःचा चहा स्वतः केला. सासूबाईंनी तो पहिला कप उचलला, मोरीत ओतला, विसळला आणि पालथा घातला.

आठवड्याभरात त्या थोरल्या मुलीकडे जायला निघाल्या.

"गुडघे फार दुखतात," त्या मुलाला म्हणाल्या. "तिथे दवाखाना जवळ आहे."

"थोरली तिसऱ्या मजल्यावर राहते, आई. गुडघे दुखणारं माणूस तिसऱ्या मजल्यावर जातं का?"

"जातं," त्या म्हणाल्या.

बारकी दारात उभी होती. एवढंच म्हणायचं होतं, नका जाऊ. व्हॅन वळली तेव्हा म्हातारीने खुराड्याकडे पाहिलं, घराकडे नाही.

औषधं संपली. नवऱ्याचा ताप गेला, पाठ मोकळी झाली. गोठा धुऊन, चुना मारून बंद ठेवला. कोंबड्या वाढल्या. आणि वर्ष उलटल्यावर बारकीला पुन्हा दिवस गेले. या वेळी दवाखान्यात तिचं रक्त पुन्हा पुन्हा तपासलं, आणि दर वेळी साफ निघालं. पाचवा महिना पार पडला. सातवा पार पडला. मग ती अंड्यांची करंडी घेऊन एकटीच थोरल्या नणंदेकडे गेली, एकेक मजल्यावर थांबत.

सासूबाई गॅलरीतल्या खुर्चीत बसल्या होत्या. केवढ्या लहान झाल्या होत्या! बारकीचं पोट बघून त्यांनी आधी हात पुढे केला, मग मागे घेतला आणि मांडीखाली दाबून धरला.

"घरी चला, आई," बारकी म्हणाली. "मला एकटीला जमणार नाही."

"जमेल. तुझे हात चांगले आहेत."

"मी रागात होते. आता नाही."

"मला माहीत आहे गं." त्या रस्त्याकडे बघत राहिल्या. "राग तुझा नाही अडवत मला. मीच मला अडवते. तुझ्या घरात उभी राहिले की वाटतं, काही तरी द्यावं तुझ्या हातात. आणि दिलं की काय होईल? नको. मूल हातात आलं की कळव. लांबून बघायला येईन."

"लांबून कशाला?"

बारकीने बळेच त्यांचा हात मांडीखालून ओढून काढला आणि पोटावर ठेवला. आत मूल हललं. म्हातारीने तो काढला नाही. काही वेळाने रडायला लागली, आवाज न करता, तोंड उघडं ठेवून. "तिघं होती," ती म्हणाली. "माझ्या हाताने."

"नाही हो, आई," बारकी म्हणत राहिली. "नाही हो."

त्या आल्या नाहीत. तीन आठवड्यांनी, दुपारी, जेवून पडल्या असताना झोपेतच गेल्या. थोरलीने फोन केला तेव्हा बारकी खुराड्यात अंडी गोळा करत होती. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली होती, म्हणून नवरा एकटा गेला. ती रडली नाही. मूल दचकेल असं वाटून तिने श्वाससुद्धा जपून घेतला.

मुलगा झाला, भरल्या दिवसांचा. रडला तर सगळा वॉर्ड दणाणला. नवरा दारातच भिंतीला टेकून खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. घरी सोडायच्या दिवशी नर्स कागद घेऊन आली. बाळाला कसं धरायचं, ताप आला तर काय करायचं, सगळं भराभर सांगितलं. मग नेहमीचा प्रश्न विचारला, मान वर न करता:

"घरी कोणी मोठं माणूस आहे ना? सांभाळायला, हाताशी?"

बारकीने तोंड उघडलं. नाही म्हणायचं होतं. इतके दिवस अडवून धरलेलं रडू तिथे, त्या खाटेवर, बाळ कुशीत असताना एकदम फुटलं. इतकं की नर्सने कागद बाजूला ठेवले आणि काय झालं, कुठे दुखतंय, असं पुन्हा पुन्हा विचारत ती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.