घाटात वाकलेली पट्टी

मित्रांनो, तुम्ही मला भंगार म्हणण्याआधी मीच माझी ओळख सांगून टाकते. मी एका जुन्या मोटारीच्या पुढच्या बंपरवरची निकेलची पट्टी आहे. माझ्या मधोमध तळहाताएवढा खड्डा आहे. मला त्याची लाज वाटत नाही. ज्यांना तो पाहवत नसेल, त्यांनी मोटारीच्या मागच्या बाजूने जावे.

माझा जन्म विलायतेतल्या कारखान्यात झाला. जहाजातून आणि रेल्वेतून मी खामगावात आले, ती कापूस कंपनीच्या साहेबाच्या मोटारीवर बसून. काय थाट होता माझा! नागपूरचा मोठा अधिकारी यायचा असला की जवळच्या जलंब स्टेशनावर सर्वांत पुढे मी. बाजारातले व्यापारी माझ्यात वाकून पगडी नीट करीत. पुढे साहेबाने नवी मोटार घेतली आणि आम्हाला दुसरबीडच्या उत्तमरावांनी विकत घेतले.

उत्तमराव जमीनजुमल्याचे धनी. जन्म बैलांमध्ये गेलेला. मोटार हाकायला ते स्वतःच शिकले, पण थांबवताना तोंडातून "हो, हो रे" निघायचेच. मला ते आवडायचे. साहेबाने आमच्याशी कधी एक शब्द काढला नव्हता.

आता घाटाची गोष्ट ऐका. उत्तमरावांची लेक कोकिळा तेव्हा सव्वा महिन्याची होती. तिला महाराजांच्या पायावर घालायला घरची मंडळी शेगावला निघाली होती. मागे तिची आई झुंबरबाई, मांडीवर कोकिळा, पुढे चाकावर उत्तमराव. घाटाच्या उतारावर ब्रेक लागेना. उत्तमराव जिवाच्या आकांताने "हो! हो!" ओरडले, पण मोटार काही बैल नव्हती. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला खालून चढत येणाऱ्या कापसाच्या गाड्या. त्यांनी चाक फिरवले आणि मोटार दरीकडच्या कठड्यावर घातली. सगळ्यांत आधी मी आदळले. कठड्याचे दगड खाली गेले. मी गेले नाही. मागच्या सीटवर कोकिळा नुसती जागी होऊन रडू लागली.

गावच्या लोहाराने बंपर तापवून सरळ केला. मला ठोकू लागला तर माझे निकेल सुटू लागले, म्हणून त्याने मला तशीच बसवली. तेव्हापासून मी बंपरला नीट टेकत नाही. माझ्या मागे फट राहिली, आणि पुढचे सारे रामायण त्या फटीतूनच झाले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून बैलांचा खांदा जिथे दुखावला, तिथे हळदीच्या कढत पाण्याने शेकतात, वर तूप चोळतात आणि त्यांना उद्याच्या पुरणपोळीचे आवतण देतात. त्या वर्षी बैलांचे झाल्यावर झुंबरबाई वाटी घेऊन थेट माझ्यासमोर येऊन बसल्या. गडी हसायला लागले.

"हसता काऊन?" झुंबरबाई म्हणाल्या. "इचा बी खांदा दुखला ना? माह्या लेकीपायी दुखला."

मग दरवर्षी माझा खड्डा शेकला जाऊ लागला. माया खरी होती, पण ते पाणी फटीतून माझ्या मागे जाऊन बसे आणि निघायचे नाव घेत नसे. निकेल माझ्या तोंडावर. पाठीला मी लोखंडच. पाठ गंजली, बंपर गंजला, आणि मी चालत्या मोटारीत खडखड वाजू लागले.

तरी मला काढले ते गंजापायी नाही. पोळ्यात तोरणाखाली झडत्या म्हणतात, म्हणजे एकमेकांना चिमटे काढणारी गाणी. शेजारचे उकंडराव दरसाल नवी झडती जुळवत आणि तीत उत्तमरावांची मोटार कठड्यावर चढवत. बैलांच्या रांगेच्या शेवटी आमची मोटार उभी असे. सारा गाव माझ्याकडे बोट दाखवून हसे. उत्तमरावांचे कान लाल होत. रागाने पाहत मात्र माझ्याकडे, उकंडरावांकडे नाही!

कोकिळा नऊ वर्षांची झाली त्या साली, पोळ्याच्या तोंडावर, उत्तमराव मला खामगावला इंद्रभान मिस्त्रीकडे घेऊन गेले. मिस्त्रीने माझ्या मागच्या नटांवर रॉकेल सोडले, पाना लावला, सारे नट फिरवले. एक तेवढा फिरेना, तो छिन्नीने तोडला. मग लाकडी ठोकळ्याने हलके हलके ठोकत मला सोडवले.

"मालक, पट्टी मजबूत हाय," तो म्हणाला. "पाठ खरडली तं अजून लई वर्स जाईन."

"नवी लाव," उत्तमराव म्हणाले. "आन् हे भंगारात टाक."

परक्याची वस्तू भंगारात टाकायला मिस्त्रीचा हात धजेना. त्याने उत्तमरावांच्या देखतच मला पोत्यात गुंडाळून मागच्या सीटखाली सारले. माझ्या जागी एक गुळगुळीत नवी पट्टी बसली. घाट कशाला म्हणतात हे तिला ठाऊकही नव्हते.

खांदशेकणीला झुंबरबाई वाटी घेऊन आल्या. त्यांचा हात सवयीने खड्डा शोधत फिरला. खड्डा नव्हता.

"पट्टी कुठं हाय?"

"हे काय, नवी बसवली," उत्तमराव म्हणाले.

"मी जुनी विचारून राह्यली."

"गंजली होती. तुह्याच पान्यानं गंजली."

हे झुंबरबाईंना कोणी सांगितलेच नव्हते. त्यांनी वाटी खाली ठेवली.

"गंजली तं पुसाची होती. काढली काऊन? जुनी आल्याबिगर मी मोटारीले आवतन देत नाही, आन् मोटारीत बसत बी नाही."

"लोकं हसतात, झुंबर. दरसाल हसतात. घाटात मोटार कोन हाकत होतं, मले ठाव नाही का?"

"तुमीच हाकत होते," त्या म्हणाल्या. "दार तुमच्या हाताशी होतं. उडी टाकता आली असती. तुमी चाक सोडलं नाही. मी मांगं बसून पाहत होती ना."

सीटखाली पोत्यात मला तेव्हा उमगले. नऊ वर्षे या माणसाने माझ्यात आपली चूक पाहिली होती, आणि बाईने त्याची हिंमत.

उत्तमरावांनी सीटखालचे पोते ओढून काढले, पाना मागवला आणि नवी पट्टी स्वतःच्या हाताने उतरवली. घासकागदाने माझी पाठ आणि बंपर लखलखीत होईपर्यंत घासला, त्यावर ग्रीस चोपडले. फटीत सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे भरले, म्हणजे पाणी शिरणार नाही आणि मी वाजणारही नाही. कोकिळा नट ओंजळीत धरून उभी होती. दिवेलागणीला शेवटचा नट आवळला गेला.

झुंबरबाईंनी वाटी उचलली, तेव्हा उत्तमरावांनी हात पुढे केला.

"दे इकडं. पानी नको, तूप दे."

माझ्या खड्ड्यावरून त्यांचा अंगठा पहिल्यांदाच फिरला. फिरतच राहिला. मग बैलांना म्हणतात तसे ते म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

दुसऱ्या दिवशी उकंडरावांनी झडती सुरू केली, तर उत्तमराव ओरडले, "मोठ्यानं म्हना, मांगं आयकू येत नाही!" उकंडरावांचा सूरच गेला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेल द्या. पुढून चमकवता तशी त्यांची पाठही कोरडी पुसा. माया करा, पण मायेचे पाणी आत साचू देऊ नका. मात्र हातोडा घेऊन मला सरळ करायला कोणी आलात, तर आधी कोकिळेला विचारा. ती रोज शाळेत जाताना माझ्या खड्ड्यात आपला तळहात ठेवून पाहते. तो तिथे बरोबर मावतो.