झेपाळाला हात नव्हते

रविवार, संध्याकाळचे साडेपाच. सार्वजनिक वाचनालयाचा वरचा हॉल. सगळ्या खुर्च्या भरलेल्या, खिडक्या बंद, पंखे चालू.

मी त्या हॉलमधला माईक बोलतोय. त्या दिवसापासून मला चारचौघांत मान वर करून उभं राहायची लाज वाटते.

कारखान्यातून निघालो तो थेट भाजीबाजारात. तिथे लिलाव पुकारले, मग एका शाळेत कवायतीचे आकडे. लोकांचे घसे बसले, मी कधी बसलो नाही. वाचनालयात आलो तेव्हा हरखलो होतो. म्हटलं, आता चार शहाण्या माणसांचं बोलणं कानावर पडेल.

इथे अद्भुत कादंबऱ्यांच्या चाहत्यांचं मंडळ भरतं. त्यांचा आवडता खेळ म्हणजे 'चिरफाड'. कादंबरीतला अक्राळविक्राळ प्राणी फळ्यावर काढायचा आणि शरीरशास्त्रात न बसणारा एकेक अवयव डस्टरनं पुसत जायचं. शेवटचा शब्द लेखकाचा, असा मंडळाचाच नियम. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. कुठल्याही राक्षसाची सुरुवात ते जबड्यापासून करतात.

त्या दिवशी पाळी झेपाळ नावाच्या प्राण्याची होती. त्याच्या कादंबरीची लेखिका दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसते. हे तिचं पहिलंच पुस्तक. आवाज इतका मऊ की माझ्याशिवाय दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचत नाही. पहिल्या रांगेत तिची मावशी होती, मांडीवर पुस्तकाच्या प्रती सांभाळत.

डॉक्टरांनी मुखपृष्ठावरून चित्र उतरवलं. चार पाय, दोन पंख, लांब शेपटी.

"सहा अवयव! हा कणा असलेला प्राणी आहे की मुंगळा?"

हॉल खदखदून हसला. मग एका चाहत्यानं मला हातात घेतलं. "ताई, पंखांचे स्नायू कुठे बसवलेत? खिशात?"

"अहो, त्याला श्वास तरी घेऊ द्या!" मावशी म्हणाली. तिच्या हातात मी नव्हतो. त्या चाहत्याचा टोमणा मात्र मी भिंतीभिंतीपर्यंत पोचवला होता.

पुढचे पाय पुसले गेले. टाळ्या पडल्या. क्षणभर फळ्यावर मागचे पाय, पंख आणि शेपटी एवढंच उरलं. मग एवढं धूड या पंखांना उचलणार नाही म्हणून पंखही गेले. उरलेल्या शेपटीवरून दोघा चाहत्यांचं चांगलंच वाजलं.

शेवटी मी लेखिकेच्या हातात आलो.

"मुखपृष्ठ मी काढलेलं नाही," ती म्हणाली. "पुस्तकात झेपाळाला पुढचे पाय नाहीतच. हात नाहीत, म्हणून तो बुडणारं मूल तोंडात धरून काठावर आणतो. लोकांना वाटतं, खाल्लं त्यानं. म्हणून ते त्याला मारतात. सगळी गोष्ट त्या नसलेल्या हातांवर उभी आहे. तुमच्यापैकी कुणी पुस्तक..."

तिथे माझा आवाज गेला.

तिचे ओठ हलत राहिले. मागच्या रांगा उठायला लागल्या, खुर्च्या करकरल्या.

"अहो, तिचं ऐकू येत नाहीये!" मावशी ओरडली.

"वेळ झाली, मावशी. चहा घेऊन जा," डॉक्टर म्हणाले.

म्हणजे मी ज्या जनावराची टिंगल हॉलभर पोचवली, ते पुस्तकात नव्हतंच. जे होतं, ते फळ्यावर क्षणभर उभं राहिलं आणि एकालाही ओळखता आलं नाही. वाचणाऱ्यांच्या मंडळात! भाजीबाजारात निदान माल बघून बोली लावत.

आता मी कपाटात पडून असतो. परवा मावशी इथेच राहिलेल्या पुस्तकाच्या प्रती परत न्यायला आली होती. शिपायाला म्हणाली, "दुसरा भाग लिहीत होती. थांबलीय." माझी विनंती एवढीच, तिला एकदा बोलवा आणि वाक्य पुरं करू द्या.

माझ्यात बिघाड झाला, असं मंडळाच्या अहवालात छापलंय. शिपायानं दुसऱ्याच दिवशी सगळं तपासलं होतं. मी ठणठणीत, तार शाबूत. मंचामागच्या यंत्रावरची माझ्या आवाजाची कळ तेवढी खाली केलेली होती, आणि त्या कळीपाशी फक्त मंडळाच्या समितीच्या खुर्च्या होत्या.