शेवटच्या चारीचा कोड

साहेब, भावना तायडेला तुम्हीच कोंडून ठेवलंय. तेही कौतुक करून. ‘तुझ्याशिवाय या प्रोग्राममध्ये कुणाला काही सापडत नाही,’ असं तुम्ही मीटिंगमध्ये म्हणता आणि तिचा अमरावतीला बदलीचा अर्ज पुन्हा बाजूला पडतो.

कालव्याचं पाणी कोणत्या चारीला, म्हणजे शेतांकडं जाणाऱ्या पाटाला, कधी सोडायचं, ते ठरवणारा प्रोग्राम ती आपल्या अकोल्याच्या ऑफिसात सांभाळते. तो लिहिणारी कंपनी बुडाली. कोडच्या फायली हजारो. तिचे बाबा, पुंजाजी, लकवा होऊन अमरावतीत पडलेत. शेजारच्या सुंदराबाई त्यांना भरवतात. भावनाला रविवार तेवढा मिळतो.

या हिवाळ्यात प्रोग्रामनं शेवटच्या चारीची पाण्याची पाळी गाळली. भावनानं ऑफिसात नव्यानं आलेल्या करिश्माला चूक शोधायला बसवलं. मी शेजारच्याच टेबलावर होतो.

“ताई, एवढ्या फायलीत मी कुठं मरू?”

“वाचू नको. पाणी सोड अन् कुठं ओलं होते ते पाह्य.”

भावनानं एक साधन बनवलं होतं. स्क्रीनवर बटण दाबलं की कोणता कोड चालला, ते दिसायचं. करिश्मानं आधी पहिल्या चारीची पाळी लावली, मग शेवटच्या चारीची. दोन्ही वेळा चाललेलं वगळलं. एक तुकडा उरला, पहिल्या चारीला चाललेला, शेवटच्या चारीला न चाललेला. चूक त्याच्याच दारात, त्यात शिरायच्या अटीत, होती. चहा यायच्या आत सापडली.

“बाप्पा, हे तं माह्या आजीलेबी जमन.”

“मंग आता माही अमरावती पक्की.”

“आधी बदलीचा कागद हाती घ्या, ताई. मंग दाखवा साहेबाले.”

“दाखवल्याबिगर कागद कसा भेटन, येडे?”

तिनं दाखवलं. तुम्ही ‘वा’ म्हणालात. सोमवारी करिश्माला भांडारात धाडलंत. साधन सर्व्हरवरून काढायला लावलंत, म्हणे सुरक्षा. आणि अर्जावर शेरा मारलात, ‘पर्यायी कर्मचारी उपलब्ध नाही.’

काल सुंदराबाईंचा फोन आला. आवाज माझ्यापर्यंत येत होता.

“बुढा दरवाजाकडंच पाहून राहिला, बाई. घासबी घेत नाई. कवा येतं?”

“काम हाय, मावशी,” भावना म्हणाली आणि पुढची फाईल उघडली.

पर्यायी कर्मचारी होती, साहेब. काम शिकून बसली होती. तिला तुम्हीच उठवलंत. सुंदराबाई आज पुन्हा फोन करतील. त्यांना काय सांगायचं? भावनाला विचारू नका. तुम्ही सांगा.