रिकाम्या खिडक्यांचा अंक

लग्नाच्या अल्बममधली सुटलेली पोटं आत घ्यायची, गालांवरच्या पुटकुळ्या पुसायच्या, मध्येच तोंड घालणाऱ्या पाहुण्यांना गायब करायचं, हे तिचं पोटापाण्याचं काम. फोटो स्टुडिओत सगळे तिला 'जादूगार' म्हणत. घरी आली की ती स्वतःचा छोटासा अंक काढायची. आधी मैत्रीण लिहायची आणि ही फोटो काढायची. दोघी मिळून पानं दुमडायच्या, पिना मारायच्या आणि वाचनालयात, दवाखान्याच्या बाकांवर अंक गुपचूप ठेवून यायच्या. मग मैत्रीण लग्न करून दूर गेली. आता अंक पाठवला की तिच्याकडून फोनवर एक अंगठा यायचा. तेवढंच.

या वेळचा अंक बिनशब्दांचा होता. समोरच्या इमारतीच्या खिडक्या, आणि खिडकीत कोणीही नाही. दर रविवारी सकाळी ती गच्चीवर जाऊन फोटो काढायची आणि दुपारभर संगणकापुढे बसून माणसं पुसत राहायची. केस विंचरणारी बाई, दूध पिणारं पोर, सगळ्यांना रजा! तिसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा मात्र काही केल्या पाठ सोडेनात. प्रत्येक फोटोत हजर, तेही कॅमेऱ्याकडे रोखून बघत. "काय चिवट म्हातारा आहे!" असं पुटपुटत ती त्याच खिडकीतल्या पडद्याचा तुकडा उचलून त्यांच्यावर ओढून द्यायची.

अंक तयार झाल्यावर एक प्रत त्या इमारतीच्या जिन्यातही ठेवावी म्हणून ती गेली, तर खाली पत्रपेटीपाशी तेच आजोबा.

"तुम्हीच ना त्या गच्चीवरच्या?" त्यांनी हटकलं.

आता आपली खरडपट्टी निघणार, असं तिला वाटलं. "हो. चालत नसेल तर..."

"न चालायला काय झालं? अहो, रविवारी उठल्या उठल्या दाढी करतो मी. सून चेष्टा करते, बाबा, कुठे निघालात? म्हटलं, खिडकीत निघालोय!" ते स्वतःच हसले आणि हात पुढे केला. "छापलंत वाटतं? बघू."

नाही म्हणायला तिची जीभ रेटेना. आजोबा पायरीवर टेकले, चष्मा पुसला आणि एकेक पान उलटू लागले. एका पानावर थांबले.

"ही आमचीच की. पडदाही आमचाच. मी कुठाय?"

"तुम्ही... तेवढ्यात आत गेला असाल."

आजोबांनी पुन्हा पानाकडे पाहिलं. "असेल, असेल. गोळी घ्यायला उठतो मी अधूनमधून." मग जणू तिचीच समजूत घालावी तसं म्हणाले, "फोटो मात्र झकास आलाय हो."

त्यापेक्षा त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

घरी येऊन तिनं मूळ फोटो उघडला आणि मोठा केला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, चापूनचोपून बसवलेले ओले केस. अर्धवट वर उचललेला हात तिला उन्हाला आडोसा वाटला होता. ते चक्क तिला हात करत होते. कितीतरी दिवसांत तिच्यासाठी कोणी असं नटून बसलं नव्हतं, आणि बसलं तेव्हा तिनंच त्यांच्यावर पडदा ओढला होता.

सगळ्या अंकांच्या पिना तिनं नखांनी उचकटून काढल्या आणि ते पान बदललं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती तिसऱ्या मजल्यावर गेली. सुनेनं दार उघडून आजोबांना हाक मारली.

"तुमचा फोटो सापडला," ती म्हणाली.

"सापडलो का? बरं झालं." पान डोळ्यांशी नेऊन ते बराच वेळ बघत राहिले. "कॉलर जरा वाकडी आलीय. सरळ नाही का करता येत?"

"येते. पण नाही करणार."

"का हो?"

"अशीच छान दिसते."

"आत या ना, चहा टाकते," सून म्हणाली.

"नको, उशीर होतोय," ती सवयीनं बोलून गेली आणि जिना उतरू लागली. वळणावर आल्यावर तिच्या लक्षात आलं, उशीर व्हायला घरी वाट बघणारं होतं कोण? वर आजोबा सुनेला काहीतरी रंगवून सांगत होते. परत जाऊन 'घेते चहा' म्हणावं, असं फार वाटलं, पण पाय उचलेना. ती कठड्याला धरून जरा वेळ उभी राहिली. मग वरचं दार लागलं, तशी रस्ता ओलांडून घरी आली आणि स्वतःपुरता चहा टाकला.