तिरपा धरलेला आरसा

मित्रांनो, कोल्हापुरातल्या एका त्वचेच्या दवाखान्यात, खणाच्या तळाशी, शिसवी मुठीचा जुना हातआरसा पडून आहे. तो मी.

माझी मूठ पिराजी सुताराने घडवली. १९९१ साली डॉक्टरीणबाईंनी मला टेबलावर ठेवले. बायका माझ्यात गालावरचे वांग बघत, मलमाची डबी घेऊन जात. पुढच्या महिन्यात तेच वांग पुन्हा माझ्यासमोर येई.

२००३ मध्ये लेसरचे यंत्र आले. त्याच हिवाळ्यात जयसिंगपूरची शांतव्वा आपल्या सतरा वर्षांच्या दानेश्वरीला घेऊन आली. मुलीच्या उजव्या डोळ्याभोवती आणि गालावर जन्मापासून निळसर काळा डाग होता. ती मला तिरपे धरी. मला तिचा डावा गालच तेवढा दिसे. शांतव्वा तर माझ्याकडे बघतही नसे.

"ही पोटात हुती तवा गिराण लागलंतं आन मी विळीवर वांगी चिरली," ती खालमानेने म्हणाली. "पोरीच्या तोंडावर माझीच चूक हाय."

हा कातडीत खोल साठलेला रंग आहे, ग्रहणाचा त्यात काही संबंध नाही, असे बाईंनी समजावले. शांतव्वाला ते पटले नाही. पहिल्यांदा लेसर मारल्यावर डागावर काळी खपली धरली, तेव्हा आपले पापच वर आले असे समजून तिने येणे थांबवले. दोन महिने मी त्या डाव्या गालाची वाट बघत राहिलो.

मग दानेश्वरीच आईला ओढत घेऊन आली. खपली पडली होती आणि खालचा डाग किंचित फिका झाला होता. तिने ते कॉलेजच्या खिडकीच्या काचेत पाहिले होते.

दोन वर्षे गेली. आठव्या खेपेला तिने मला सरळ समोर धरले. मला प्रथमच तिचा पुरा चेहरा दिसला. डोळ्याच्या कडेला पुसट छटा तेवढी उरली होती. मग तिने मला आईपुढे धरले.

शांतव्वाने पदराने माझी काच पुसली आणि कानामागचे केस चाचपले.

"माझं केस कवा पिकलं गं?"

"मला काय इचारतीस, अव्वा? तू आरशात बघतच न्हवतीस की."

त्या पुन्हा आल्या नाहीत. भिंतीवर मोठे आरसे लागले, मी खणात गेलो. अजूनही खण उघडला की वाटते, दानेश्वरी आली.

मित्रांनो, कुणाच्या चेहऱ्यावरच्या डागाकडे टक लावून बघू नका. तो कशाने झाला, हे त्याच्या आईला तर विचारूच नका. आणि घरात माझ्यासारखा एखादा सापडला, तर पुसून आधी आईच्या हातात द्या.